घसा किती वाजता दुखतो?

घसा दुखतोय म्हणून दवाखान्यात गेलं की ‘किती दिवसांपासून?’ हा प्रश्न ठरलेला असतो. ‘किती वाजता?’ असं मात्र फारसं कुणी विचारत नाही, आणि आपणही ते आपण होऊन सांगत नाही. रात्रीच्या घसादुखीचं निम्मं निदान या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात असतं, असं माझं ठाम मत आहे. आडवं झाल्यावर तासा-दोन तासांत आंबट येऊन जळजळणारा घसा वेगळा. पहाटे जाग येते तेव्हा कोरडाठाक पडलेला आणि चहा-आंघोळ होईपर्यंत बरा झालेला घसा वेगळा. दिवसरात्र दुखून रात्री जास्त छळणारा, घोटागणिक टोचणारा घसा आणखी वेगळा. तिन्हींची कारणं निराळी, म्हणून उपायही निराळे. आपल्याकडे मात्र तिन्हींसाठी बहुधा एकच गोष्ट आणली जाते, ती म्हणजे मेडिकलमधून मागून घेतलेली अ‍ॅझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी.

रात्री घशात काय बदलतं ते आधी पाहू. जागेपणी आपण साधारण मिनिटाला एकदा तरी नकळत लाळ गिळतो. झोपेत हे प्रमाण तासाला पाच-सहा वेळांवर येतं आणि गाढ झोपेत वीस-वीस मिनिटं एकही घोट गिळला जात नाही. लाळही आटते. दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, पण झोपेत ती जवळजवळ थांबतेच. घशाच्या आतलं नाजूक अस्तर ओलं ठेवणं, जंतूंना आवर घालणं आणि पोटातून वर आलेलं आम्ल शमवणं ही लाळेची कामं. ऐन रात्री ती तिन्ही मंदावतात.

दुसरं कारण रक्तातलं आहे. मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथींतून स्रवणारं कॉर्टिसॉल हे शरीराचं स्वतःचं सूज उतरवणारं औषध. मध्यरात्रीच्या सुमारास त्याची पातळी सर्वांत खाली असते, पहाटे ती चढू लागते आणि उठायच्या वेळी शिगेला पोचते. मध्यरात्री सूज आणि दुखणं बळावतं ते यामुळेही. त्यात दिवसा काम, बोलणं, रहदारी यांत मन गुंतलेलं असतं, रात्री लक्ष द्यायला दुखण्याशिवाय दुसरं काही उरत नाही. ‘रात्रीचंच जास्त दुखतं’ असं म्हणणाऱ्या माणसाला मनाचे खेळ म्हणून गप्प करू नये. त्याचं म्हणणं खरं असतं.

सुजलेल्या घशाला साधी लाळसुद्धा का झोंबते? त्याचं उत्तर १९९७ साली अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. मिरचीचा तिखटपणा आपल्या मज्जातंतूंवरच्या ज्या ग्राहकाला कळतो, तोच ग्राहक सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखतो आणि आम्लही ओळखतो. तिखटानं, कढत चहानं आणि पित्तानं होणारी आग म्हणूनच इतकी सारखी वाटते. सूज आली की तिथे तयार होणारी द्रव्यं या ग्राहकाला अधिक हळवा करतात आणि मग शरीराच्या नेहमीच्या तापमानालाही तो आग लागल्याची वर्दी देऊ लागतो. ज्युलियस यांना या कामासाठी २०२१ साली आर्डेम पॅटापुटियन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालं. थंडी ओळखणारा ग्राहक निराळा आहे आणि पुदिन्यातला मेन्थॉल त्याला चेतवतो. मेन्थॉलची गोळी चघळल्यावर गार वाटतं, पण सूज होती तेवढीच राहते. घसा दुखताना कानातही कळ जाते, कारण घशाची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसेच्याच शाखा कानाच्या आतही गेलेल्या असतात. कानात तेल घालून ही कळ थांबत नाही.

आता पहाटेचा कोरडा घसा. नाक हे श्वासाचं यंत्र आहे, तोंड नाही. नाकातल्या पडद्यांवरून जाताना बाहेरची हवा गाळली जाते, शरीराइतकी गरम होते आणि दमट होऊनच घशात उतरते. नाक चोंदलं की झोपेत तोंड उघडतं आणि ही सगळी तयारी टाळून कोरडी हवा रात्रभर सरळ घशाच्या मागच्या भिंतीवर आदळत राहते. आडवं झाल्यावर नाकातल्या रक्तवाहिन्यांत रक्त साठतं, त्यामुळे दिवसा मोकळं वाटणारं नाकही रात्री बंद होतं. ज्या कुशीवर झोपावं त्या बाजूची नाकपुडी बहुधा जास्त चोंदते. ही ओळखायला सोपी घसादुखी आहे. सकाळी ओठ आणि जीभ कोरडी, घशात खरखर, ताप नाही, आणि दहा वाजेपर्यंत सगळं पूर्ववत.

अशा माणसाच्या खोलीकडे आधी बघावं. एसी हवेतलं पाणी काढून घेतो आणि १८ अंशांवर रात्रभर चालवला तर घशाला ते सोसत नाही. २४ ते २६ अंश पुरतात. तोंडावर येणारा पंखा बाजूला वळवावा. आणि डासांची कॉइल. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, चीन आणि मलेशियातल्या कॉइलवरच्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते. दारं-खिडक्या लावून, उशाशी कॉइल पेटवून मुलाला झोपवायचं आणि सकाळी तो खोकतो म्हणून औषध आणायचं, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. मच्छरदाणी जुनी वाटत असेल, पण घशासाठी ती कितीतरी बरी. तिचा आणखी एक मोठा उपयोग पुढे येईल.

कोरड्या घशाबरोबर जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकून उठणं आणि दिवसा पेंग येणं असेल, तर मूळ दुखणं घशाचं नसून झोपेतल्या श्वासाचं आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १९.५ टक्के पुरुषांत झोपेत श्वास अडखळण्याचा दोष आढळला आणि ७.५ टक्क्यांत त्याच्या जोडीला दिवसाची पेंगही होती. या लोकांनी कितीही गुळण्या केल्या तरी उपयोग नाही. झोपेची तपासणी करून घ्यावी लागते. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्या लहान मुलाच्या नाकामागची अ‍ॅडिनॉइड ग्रंथी वाढलेली असू शकते. ‘सवयच आहे त्याला’ म्हणून ते सोडून देऊ नये.

रात्री घसा दुखवणारं आणि सर्वांत जास्त वेळा नजरेतून सुटणारं कारण मात्र पोटात असतं. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. ते सैल पडलं की आम्ल वर येतं. दिवसा उभं किंवा बसलेलं असताना गुरुत्वाकर्षण ते खाली खेचतं, वर लाळेचे घोट ते धुऊन काढतात. आडवं झालं की पहिली मदत गेली, झोप लागली की दुसरीही गेली. छातीत जळजळ होईल तर माणसाला निदान पित्ताची शंका येते. पण घशापर्यंत पोचणाऱ्या आम्लाचा त्रास असणाऱ्या पुष्कळ लोकांना छातीत जळजळ होतच नाही. अन्ननलिकेचं अस्तर थोडंफार आम्ल सोसतं, स्वरयंत्राचं अस्तर जरासुद्धा सोसत नाही, त्यामुळे थोडं आम्लही तिथे पुरतं. मग सकाळी आवाज बसलेला, सारखं खाकरावंसं वाटणं, घशात काहीतरी अडकल्याची भावना, कोरडा खोकला, तोंडाला कडवट चव, अशी लक्षणं घेऊन माणूस वर्षभर अ‍ॅलर्जीची औषधं खात राहतो.

शहरातल्या आपल्या जगण्यानं हे दुखणं वाढवलं आहे. कामावरून लोकलनं घरी यायला नऊ, जेवायला दहा आणि साडेदहाला अंथरुणावर, हा दिनक्रम लाखो घरांत आहे. भरलेलं पोट रिकामं व्हायला दोन-तीन तास लागतात. उशिराचं जेवण टळतच नसेल तर दुपारचं जेवण मोठं आणि रात्रीचं हलकं ठेवावं. मुगाची खिचडी, भाकरी-भाजी, ताक-भात असं काही. तळण, दारू, चॉकलेट आणि जेवणानंतरच्या पुदिन्याच्या गोळ्या ते कडं सैल करतात. आठवड्यातून दोनदा रात्री मिसळ किंवा वडापाव खाऊन झोपणाऱ्यानं निदान ते दोन दिवस आणि घसा दुखण्याचे दिवस जुळतात का, हे कॅलेंडरवर टिपून बघावं.

झोपण्याची पद्धत बदलण्यानंही चांगला फायदा होतो. जठराचा मोठा फुगा डाव्या बाजूला असतो. डाव्या कुशीवर झोपल्यावर आम्ल त्यात खाली साठतं आणि अन्ननलिकेचं तोंड त्याच्या वर राहतं. उजव्या कुशीवर नेमकं उलटं होतं. नेदरलँड्समध्ये ५७ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अन्ननलिकेत चढलेलं आम्ल डाव्या कुशीवर सुमारे ३५ सेकंदांत उतरलं, उताणं असताना ७६ आणि उजव्या कुशीवर ९० सेकंद लागले. दुपारची वामकुक्षी डाव्या कुशीवर घ्यायची रीत आपल्याकडे आहेच, रात्रीही तीच पाळावी.

दुसरं, पलंगाची डोक्याकडची बाजू उचलावी, पंधरा ते वीस सेंटिमीटर. आपली नेहमीची वीट साधारण साडेसात सेंटिमीटर जाड असते, म्हणजे डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा सपाट ठेवल्या की काम झालं. विटा एकमेकींवर नीट बसल्यात ना, पाय मधोमध आहे ना, पलंग हलवून बघितला ना, एवढं पाहावं. उशांची थप्पी लावून हे साधत नाही. उशांनी मान आणि कंबर वाकते, पोटावर दाब येतो आणि आम्ल उलट जास्त वर येतं. जमिनीवर गादी घालणाऱ्यांनी गादीखाली कंबरेपासून डोक्यापर्यंत चढत जाणारा उतार करावा. दोन-तीन आठवडे हे सगळं करून फरक पडला नाही, तर आम्ल कमी करणारी गोळी किती दिवस आणि कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारावं. ती बहुधा जेवणाआधी घ्यायची असते आणि वर्षानुवर्षं स्वतःच्या मनानं खायची नसते.

आडवं झाल्यावर घशात उतरणारी दुसरी गोष्ट म्हणजे नाकामागचा कफ. सर्दी, सायनस किंवा अ‍ॅलर्जीत दिवसा आपण तो नकळत गिळतो, रात्री तो मागच्या भिंतीवरून ओघळत बसतो. गादीतले धूळकिडे, पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतींवरची बुरशी, दिवाळीआधीची साफसफाई, अशी निमित्तं पुष्कळ. उशांचे अभ्रे आणि चादरी आठवड्याला गरम पाण्यानं धुणं, कोकणात पावसानंतर गाद्या कडकडीत उन्हात टाकणं, हे साधे उपाय खरोखर गुणकारी आहेत. जलनेतीही चांगली. अर्धा लिटर पाण्याला पाऊण चहाचा चमचा मीठ हे प्रमाण नाकाला झोंबत नाही. पाणी मात्र उकळून कोमट केलेलंच हवं. नळाच्या किंवा विहिरीच्या कच्च्या पाण्यातला एक अमीबा क्वचित नाकावाटे मेंदूत शिरून जीव घेऊ शकतो.

आता संसर्ग, म्हणजे दिवसरात्र दुखणारा घसा. हा बघायचा कसा, ते प्रत्येकाला यायला हवं. आरशासमोर उभं राहावं, मोबाइलचा दिवा तोंडात पाडावा, चमच्याच्या दांड्यानं जीभ हलकेच खाली दाबावी आणि ‘आऽऽ’ म्हणावं. समोर दोन्हीकडून आलेली कमान दिसते, मधोमध पडजीभ लोंबते, कमानीच्या आत दोन्ही बाजूंना टॉन्सिल आणि सगळ्यांत मागे ओली चकाकणारी भिंत. कमान आणि भिंत नुसती लालसर असेल, नाक वाहत असेल, खोकला आणि बसलेला आवाज असेल, तर कारण बहुधा विषाणू. मागच्या भिंतीवर बारीक उंचवटे दिसत असतील, तर नाकामागून उतरणारा कफ किंवा अ‍ॅलर्जी पुष्कळ दिवसांची आहे. टॉन्सिल सुजून त्यांवर पांढरे-पिवळे ठिपके असतील, ताप असेल, जबड्याखाली दुखऱ्या गाठी लागत असतील आणि खोकला अजिबात नसेल, तर स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूची शंका घ्यावी. ही चार लक्षणं १९८१ साली रॉबर्ट सेंटर यांनी मांडली आणि डॉक्टर आजही ती मोजतात. चारही असली तरी जिवाणू सापडण्याची शक्यता निम्म्याच्या आसपासच असते, म्हणून शक्य तिथे घशाचा स्राव तपासतात.

मोठ्या माणसांच्या दहापैकी नऊ घसादुखी विषाणूंच्या असतात. त्यांवर प्रतिजैविकं काहीच करत नाहीत. जिवाणू धरूनही सगळ्या घसादुखींचा हिशेब केला, तर प्रतिजैविकांनी दुखण्याचे सरासरी सुमारे सोळा तासच वाचतात आणि औषध न घेतलेल्यांतले ऐंशी टक्क्यांहून अधिक लोक आठवड्याभरात बरे झालेले असतात. तरीही २०१९ च्या आकडेवारीनुसार भारतातल्या खासगी औषधबाजारात सर्वांत जास्त खपलेली प्रतिजैविकाची गोळी अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅमची होती. हे पाहून मला काळजी वाटते. कारण हीच गोळी उद्या टायफॉइडमध्ये लागेल तेव्हा चालेनाशी होते.

पण उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत जिवाणूची घसादुखी मोठ्यांपेक्षा जास्त आढळते आणि तिच्याकडे दुर्लक्ष झालं तर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो. एक सांधा सुजतो, तो उतरतो तोवर दुसरा सुजतो, आणि याच काळात शरीराची प्रतिकारयंत्रणा हृदयाच्या झडपांवर घाव घालत असते. आपल्या देशात तिशी-चाळिशीतल्या, बाळंतपणात धाप लागल्यावर पहिल्यांदा निदान होणाऱ्या कितीतरी बायकांच्या अरुंद झडपेची सुरुवात लहानपणीच्या अशा घसादुखीत झालेली असते. यावरचं औषध जुनं आणि स्वस्त आहे, पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, पूर्ण दहा दिवस. या जिवाणूनं पेनिसिलिनला अजूनही दाद देणं सोडलेलं नाही. दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी हृदय वाचतं, म्हणजे डॉक्टरांकडे जाऊन तपासून घ्यायला वेळ असतो. तिसऱ्या दिवशी घसा थांबला म्हणून गोळ्या बंद करणं मात्र घातक आहे.

एक कारण असं आहे की ते माणसानं स्वतःच गिळलेलं असतं. झोपायच्या आधी गोळी तोंडात टाकायची, घोटभर पाणी प्यायचं आणि लगेच आडवं व्हायचं. गोळी अन्ननलिकेत चिकटते, तिथेच विरघळते आणि अस्तर भाजून काढते. मध्यरात्री घशाच्या खालच्या भागात, छातीमागे कळ उठते आणि दुसऱ्या दिवशी पाणीही गिळवत नाही. यात डॉक्सिसायक्लिन फार बदनाम आहे. पावसाळ्यात पुराच्या पाण्यातून चालत आलेल्यांना लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी मुंबई-कोकणात हीच कॅप्सूल दिली जाते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. ती जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि पुढचा अर्धा तास तरी आडवं होऊ नये. दम्याचा स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्यांनी पंप झाल्यावर चूळ भरून थुंकावं, नाहीतर घशात बुरशी धरते.

आज रात्री, या घटकेला, काय करता येईल? पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात. मान मागे टाकून पाणी घशात खुळखुळवावं, घाईनं थुंकू नये. मिठाच्या पाण्यानं अस्तरातली सूज थोडी ओढली जाते आणि चिकट कफ सुटतो. जपानमध्ये ३८७ निरोगी लोकांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसत्या साध्या पाण्याच्या नियमित गुळण्यांनीही सर्दी-पडशाचं प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं, आयोडीनच्या औषधी पाण्यानं मात्र तसा फायदा दिसला नाही. मधाचं चाटण खोकला शमवतं, आणि त्याला अभ्यासांचा आधार आहे. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटाला लावूनही देऊ नये, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंनी बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. ज्येष्ठमधाचा काढा आजीबाईच्या बटव्यातला म्हणून हसण्यावारी नेऊ नका. भूल देण्यासाठी घशात नळी घातल्यानंतर रुग्णांना जी घसादुखी होते, ती आधी ज्येष्ठमधाच्या गुळण्या केल्यानं कमी होते, हे लखनौमध्ये आणि पुढे व्हिएन्नातही तपासलं गेलं आहे. रोज मात्र तो पिऊ नये, त्यानं रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. हळदीचं दूध ऊब देतं, घसा ओला करतं, झोपेला मदत करतं. हळदीतलं औषधी द्रव्य त्यातून रक्तात फारच थोडं उतरतं, पण ऊब हाही उपायच आहे. पित्ताचा त्रास असणाऱ्यानं ते झोपण्याच्या तोंडावर पिऊ नये. खडीसाखर किंवा लवंग चघळली की लाळ सुटते, फक्त ती तोंडात ठेवून झोपू नका.

दुखणं झोपू देत नसेल तर पॅरासिटामॉल घ्यावं. मोठ्यांना ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, मुलांना वजनाच्या हिशेबानं. सर्दीच्या तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेव्हा दोन्ही मिळून दुप्पट मात्रा जात नाही ना, ते वेष्टनावर वाचावं. आयब्युप्रोफेन सूज चांगली उतरवतं, पण पावसाळ्यातल्या तापात डेंग्यूची शंका असेल तर ते आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही टाळावीत, रक्तस्रावाचा धोका वाढतो. वाफेनं बरं वाटतं एवढंच. मुलाला मांडीवर घेऊन, पुढ्यात उकळत्या पाण्याचं पातेलं आणि डोक्यावर टॉवेल, हा प्रकार कृपा करून बंद करा. पातेलं कलंडून भाजलेली मुलं दवाखान्यांत येतात.

काही रात्री मात्र घरगुती उपायांच्या नसतात. लाळ गिळता येत नाही म्हणून तोंडातून गळते आहे, तोंड पूर्ण उघडत नाही, आवाज तोंडात घास असल्यासारखा झाला आहे, घसा एकाच बाजूला ठणकतो आहे, तर टॉन्सिलच्या मागे पू झालेला असू शकतो आणि तो काढावा लागतो. श्वास घेताना घुर्र किंवा शिट्टीसारखा आवाज येणारं मूल सकाळपर्यंत थांबू शकत नाही. त्याच्या घशात चमचाही घालून बघू नका, तसंच उचलून रुग्णालयात न्या. घशात राखाडी, चिकट पापुद्रा दिसला आणि मान सुजली तर तो घटसर्प असू शकतो. लस सुरू झाल्यापासून तो विरळ झाला, गेलेला नाही. दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा डोस, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची सुई, या चुकवू नयेत. मधुमेही किंवा पन्नाशीपुढच्या माणसाला रात्री घशात-जबड्यात आवळल्यासारखं दुखून घाम फुटला, तर आधी हृदयाचा आलेख काढावा.

आणि गावाकडे, जमिनीवर झोपणाऱ्यांसाठी आणखी एक. मण्यार रात्री फिरते आणि झोपलेल्या माणसाला चावते. चावा इतका बारीक असतो की पुष्कळदा जागही येत नाही, सूज नाही, खूण दिसत नाही. पहाटे माणूस उठतो तो घसा दुखतोय, पोटात कळ येतेय म्हणत. मग गिळायला त्रास होतो, पापण्या मिटू लागतात, बोलणं जड होतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. महाडसारख्या ठिकाणी राहून विंचू आणि सर्पदंशावर आयुष्यभर काम करणारे डॉ. हिंमतराव बावसकर यांच्यासारखे डॉक्टर ही लक्षणं सतत सांगत आले आहेत. पावसाळ्यात पहाटे अचानक घसा-पोट दुखून पापण्या जड झाल्या, तर काढा करत बसू नका. १०८ ला फोन करा, प्रतिविष आणि कृत्रिम श्वास जिथे मिळेल तिथे चला. खाट, आणि गादीखाली चारही बाजूंनी नीट खोचलेली मच्छरदाणी, यांनी हा दंश टळतो.

शेवटचं तंबाखू, मिशरी, गुटखा, विडी आणि दारूचं व्यसन असणाऱ्यांसाठी. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो खाल्ला जातो हे आपण पाहतो. घसा एकाच बाजूला दुखतोय, त्याच बाजूच्या कानात कळ जातेय, आवाज बसलाय तो सुटत नाही, गिळताना अडतंय, मानेला न दुखणारी गाठ आहे, वजन उतरतंय, यांतलं काहीही तीन आठवड्यांहून जास्त टिकलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि दुर्बिणीनं स्वरयंत्र बघायला सांगा. व्यसन नसलं तरीही जा. तपासणी काही मिनिटांत होते, दुखत नाही, आणि स्वरयंत्राचा कर्करोग पहिल्या टप्प्यात सापडला तर बहुतेक रुग्ण बरे होतात, आवाजासकट.